गेली असेल कुठेतरी

वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचावा असा हा लेख नाही. संपादकांनी माझ्याकडे खरं तर 'दिवाळी आणि गणित' असा हलकाफुलका विषय मागितला होता. पण गेली दोनतीन वर्षं एक आकडा माझ्या डोक्यात बसला आहे आणि चाळीसेक वर्षं संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला डोक्यातला आकडा स्वस्थ बसू देत नाही.

जुलै २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत माहिती दिली की २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशभरात १३ लाखांहून अधिक मुली आणि स्त्रिया हरवल्याच्या नोंदी झाल्या. त्यात एकट्या महाराष्ट्रातल्या १,७८,४०० सज्ञान स्त्रिया आणि १८ वर्षांखालच्या १३,०३३ मुली. बेरीज करून दिवसांनी भागलं तर रोज सुमारे १७५. यात टाळेबंदीचे महिनेही आले, हे ध्यानात ठेवा.

आकडा ऐकून छातीत धस्स होतं. व्हॉट्सॲपवर तो 'महाराष्ट्रातून दोन लाख मुली गायब' असा फिरला, तेव्हा तर आमच्या इमारतीतल्या एका आजीबाईंनी नातीला सुट्टीत पुण्याला पाठवायचंच नाही असं ठरवून टाकलं. म्हणून आधी आकडा वाचायचा कसा ते सांगतो. ही मोजणी बायकांची नाही, नोंदींची आहे. एकच स्त्री सासरच्या मारहाणीला कंटाळून वर्षात दोनदा घराबाहेर पडली तर तिच्या दोन नोंदी होऊ शकतात. दुसरं, त्यातल्या किती परत आल्या हे या आकड्यात नाही, आणि बऱ्याचशा परत येतात किंवा सापडतात. घरच्यांना नको असलेलं लग्न करून गेलेली मुलगी आठ दिवसांनी नवऱ्याबरोबर पोलीस ठाण्यात हजर होते आणि जबाब देते. सज्ञान स्त्रीला आपण कुठे आहोत हे घरच्यांना न सांगण्याचाही अधिकार आहे. पोलिसांनी ती सुखरूप आहे एवढी खात्री करायची, तिला मानगूट धरून घरी आणायचं नाही. हे मी मुद्दाम आधी लिहितो आहे, कारण 'मुली हरवतात' या बोंबेचा शेवट पुष्कळदा 'मुलींना घरात ठेवा' इथेच होतो.

तिसरी गोष्ट मात्र उलट दिशेची आहे. जिची नोंदच कोणी केली नाही, ती या आकड्यात नाही.

गोव्यातल्या वाचकांना शिरोड्याचा महानंद नाईक आठवत असेल. वर्तमानपत्रांनी त्याला 'दुपट्टा किलर' असं भडक नाव दिलं होतं. १९९४ ते २००९ या पंधरा वर्षांत त्याने सोळा स्त्रियांचा जीव घेतल्याचे आरोप त्याच्यावर ठेवले गेले. काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली, पुष्कळ खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला. पद्धत साधी होती: लग्नाचं वय उलटत चाललेली गरीब घरची मुलगी हेरायची, लग्नाचं आमिष दाखवायचं, दागिने घालून भेटायला बोलवायचं. सोळा मुली, तोही एवढ्याशा गोव्यात, जिथे फोंड्याची बातमी दुपारपर्यंत मडगावला पोचते! मग पंधरा वर्षं कोणाला पत्ता कसा लागला नाही? कारण घरच्यांनी 'कोणाबरोबर तरी गेली असेल' असं मानलं, आणि अब्रूच्या भीतीने कित्येकांनी पोलिसांकडे पाठपुरावाच केला नाही. दुसरीकडे अनोळखी मृतदेह सापडत होते, त्यांचीही नोंद होत होती. एका वहीत हरवलेल्यांची नावं, दुसऱ्या वहीत नाव नसलेले मृतदेह. दोन वह्या शेजारी ठेवून पाहण्याचं काम झालं नाही. २००९ मध्ये एका बेपत्ता मुलीच्या फोनचे तपशील पोलिसांनी नीट तपासले, तेव्हा सगळं उलगडत गेलं.

माझ्या मते या प्रश्नाचं मूळ त्या एका वाक्यात आहे: गेली असेल कुठेतरी. घरचे ते म्हणतात, शेजारी म्हणतात, ठाणे अंमलदारही म्हणतो. त्या वाक्यात दिवस जातात, आणि तपासात पहिले दिवसच तर सगळ्यात मोलाचे.

आता शासन काय करतं ते पाहू. मुलांच्या बाबतीत बरंच झालं आहे. मे २०१३ मध्ये 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की १८ वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हाच दाखल करायचा, नुसती नोंद करून थांबायचं नाही. २०१५ पासून 'ऑपरेशन मुस्कान' या नावाने महाराष्ट्र पोलीस हरवलेल्या मुलांच्या शोधासाठी मोहिमा काढत आले आहेत. मुंबई रेल्वे पोलिसांनी 'शोध' नावाचं संकेतस्थळ काढलं. त्यावर रुळांवर सापडलेल्या अनोळखी मृतांची छायाचित्रं आणि वर्णनं असतात. वर म्हटलेल्या दोन वह्या शेजारी ठेवण्याचाच हा प्रयत्न. २०२१ च्या सप्टेंबरात साकीनाक्याला एका स्त्रीवर अत्याचार होऊन ती दगावली, त्यानंतर मुंबईत पोलीस ठाण्यांमध्ये निर्भया पथकं आली, अंधाऱ्या जागी गस्त वाढली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याप्रमाणे गुन्ह्याची तक्रार कोणत्याही ठाण्यात, हद्द न बघता, घेतलीच पाहिजे.

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीची गोष्ट वेगळी. तिची 'मिसिंग' दाखल होते. गुन्ह्याचा संशय दाखवता आला नाही तर गुन्हा नाही, आणि गुन्हा नाही म्हणून तपासाला जोर नाही. सतरा वर्षं अकरा महिन्यांची मुलगी आणि अठरा वर्षं एक महिन्याची मुलगी यांच्यात कायद्याने एवढं अंतर ठेवलं आहे. आपलं सज्ञानपण मान्य व्हावं हे बरोबरच, पण त्याची किंमत शोध सैल पडण्यात का द्यावी?

वसईच्या तरुणीची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी २०२२ मध्ये वाचली आहे, म्हणून नाव घेत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने स्वतः नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती की जोडीदार मारतो, जिवे मारण्याची धमकी देतो. महिन्याभरात तिने ती मागे घेतली. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला असा पोलिसांचा आरोप आहे. वडील वसईच्या पोलिसांकडे गेले ते ऑक्टोबरात. मधले महिने घरच्यांशी बोलणं जवळजवळ तुटलेलं होतं, त्यामुळे फोन येत नाही याचं कोणाला नवल वाटलं नाही. शंका आली ती एका मित्राला. त्यानंतर राज्य सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये एक समिती नेमली. तिला काम दिलं ते आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती ठेवण्याचं, आणि टीका झाल्यावर त्यातून आंतरजातीय विवाह वगळले. मला हा उपाय भलत्याच दुखण्यावरचा वाटतो. त्या मुलीचं लग्न झालेलंच नव्हतं. अडलं होतं ते तक्रार मागे घेणाऱ्या बाईकडे कोणी पुन्हा जाऊन 'आता कसं चाललंय' असं विचारण्याचं. ती मागे का घेतली जाते, हे कोणत्याही महिला हवालदाराला विचारा.

विचारणारा एक माणूस काय करू शकतो याचंही उदाहरण मुंबईतच आहे. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात २००८ ते २०१५ या काळात १६६ मुली हरवल्याच्या तक्रारी आल्या. सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या १६५ शोधल्या. राहिली ती जानेवारी २०१३ मध्ये शाळेत जाताना नाहीशी झालेली सात वर्षांची मुलगी. भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले, पण तिचं छायाचित्र त्यांनी जवळ ठेवलं, गावी गेले तरी चौकशी सुरू ठेवली. ४ ऑगस्ट २०२२ रोजी ती सापडली, सोळा वर्षांची झालेली, आपल्या घरापासून अर्ध्या किलोमीटरवर. शोध लागला तो तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाईमुळे. मुलीने तिला आपली हकिकत सांगितली, तिने इंटरनेटवर शोधलं, आणि २०१३ चं हरवल्याचं पोस्टर समोर आलं. पोस्टरवरच्या फोन नंबरांपैकी एका शेजाऱ्याचा नंबर तेवढा अजून चालू होता.

असाच प्रश्न हजारो मैलांवरच्या व्हँकूवर शहरात आला होता. तिथल्या एका गरीब वस्तीतून वर्षानुवर्षं स्त्रिया नाहीशा होत होत्या, त्यात मूळनिवासी स्त्रिया पुष्कळ होत्या. 'या बायका भटक्याच, गेल्या असतील' असं पोलीस म्हणत राहिले. खुनी शहराच्या हद्दीबाहेरच्या डुकरांच्या फार्मवर राहत होता, आणि शहराचे पोलीस व बाहेरचे पोलीस यांच्यात समन्वय नव्हता. २००२ मध्ये तो पकडला गेला. चौकशी आयोगावर नेमले गेले ते वॉली ओपल, निवृत्त न्यायमूर्ती आणि कॅनडातच जन्मलेले पंजाबी कुटुंबातले गृहस्थ. डिसेंबर २०१२ च्या अहवालात त्यांनी पोलिसांच्या पूर्वग्रहावर आणि हद्दींच्या घोळावर नेमकं बोट ठेवलं. शिरोडा आणि व्हँकूवर यांत भाषा सोडली तर फरक फारसा नाही.

आता आपल्या दाराशी येतो. अमिरातीत आपण रात्री अकराला मुलीला एकटीने मेट्रोने येऊ देतो, आणि ते खरंच आहे. पण तुमच्याआमच्या घरी काम करणाऱ्या बायकांचं जग निराळं. इथला एक शब्द दुसऱ्या पिढीतल्या मुलांनीही ऐकला असेल: ॲबस्कॉन्डिंग. 'तिच्यावर ॲबस्कॉन्डिंग लावलं.' कामाला असलेली बाई दिसेनाशी झाली की मालक सरकारदरबारी ती काम सोडून पळाल्याचं कळवतो. तशी तरतूद आहे, आणि ती वापरणं चूक नाही. पण विचार करा, ती पळाली की तिला कोणी नेलं, हे त्या क्षणी मालकाला ठाऊक असतं का? 'गेली असेल कुठेतरी' याचाच हा इथला तर्जुमा. फरक इतकाच की गावी त्याने ती नुसती विसरली जाते, इथे ती कायद्याच्या लेखी दोषी ठरू शकते, आणि मग मदत मागायलाही घाबरते.

यातल्या कित्येकजणी व्हिजिट व्हिसावर आलेल्या असतात. दहावी न झालेल्या स्त्रीला घरकामासाठी इथे यायचं तर भारत सरकारची परवानगी लागते आणि वय तीस पूर्ण लागतं. व्हिजिट व्हिसावर हे काहीच लागत नाही, म्हणून एजंट तो रस्ता धरतात. बाईचं नाव मग 'ई-मायग्रेट'च्या नोंदीत येतच नाही. पुन्हा तीच गत: नोंद नाही म्हणून शोध नाही.

या देशाने मात्र कायदे केले आहेत. मानवी तस्करीविरुद्धचा कायदा क्रमांक ५१ २००६ मध्येच झाला होता, २००७ पासून त्यासाठी राष्ट्रीय समिती आहे. दुबई फाउंडेशन फॉर विमेन अँड चिल्ड्रन ही संस्थाही २००७ मधली. पीडित स्त्रियांसाठी 'इवा' निवारे आहेत. घरकामगारांच्या २०२२ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी, रोजची विश्रांती आणि स्वतःची कागदपत्रं स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क दिला आहे. पासपोर्ट मालकाने कपाटात ठेवणं ही 'सोय' नव्हे, ते बेकायदा आहे. आपल्या मराठी घरांतही हे होतं, म्हणून स्पष्ट लिहिलं.

तुमच्या ओळखीतली एखादी बाई दिसेनाशी झाली, किंवा गावाहून फोन आला की 'आमची मुलगी दुबईला गेली, तिचा पत्ता नाही', तर काय कराल? आपली पहिली सवय म्हणजे तिचं छायाचित्र पंधरा ग्रुपांवर टाकणं आणि वर्गणी काढणं. दोन्ही इथे करू नका. परवानगीशिवाय कोणाचं छायाचित्र पसरवणं आणि पैसे गोळा करणं, दोन्हींवर इथे कडक कायदे आहेत, आणि तुम्हीच अडचणीत याल. तातडी असेल तर ९९९. भारतीय वकिलातीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांक ८०० ४६३४२, चोवीस तास चालू असतो. दुबई फाउंडेशनचा ८०० १११. गावाकडच्या नातलगांना सांगा की त्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार घालावी, आणि शिवाय जवळच्या पोलीस ठाण्यातही द्यावी, पोच घेऊन. एका जागी दिली म्हणून दुसरीकडे गप्प बसू नये.

तक्रारीत काय लागतं? पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत, ज्याच्या नावावर व्हिसा निघाला त्याचं नाव, एजंटचं नाव आणि फोन, तिने शेवटचा फोन कधी व कोणत्या नंबरवरून केला ती तारीख. यातलं बहुतेक काही ती निघण्याआधीच घरी ठेवता येतं. तुमच्या गावाहून कोणी येणार असेल तर आजच फोन करून त्या प्रती काढून ठेवायला सांगा, आणि संपर्कासाठी एक असा नंबर द्यायला सांगा जो घरच्यांनी सिम बदललं तरी चालू राहील. शेजाऱ्याचा असला तरी चालेल.