जुन्या डिस्कमुळे पुढचा भाग बुडतो का?

एखाद्या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग अपेक्षेइतका खपला नाही, की जुन्या डिस्कच्या बाजाराकडे बोट दाखवले जाते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेली डिस्क घेऊन ती पोलादपूर-कशेडीला आणणारा खेळाडू निर्मात्याचे नुकसान करतो, असा हा समज आहे. पुरावे मात्र वेगळे सांगतात.

गैरसमज : जुनी डिस्क विकली गेली, म्हणजे नवीचे एक गिऱ्हाईक गेले.

वस्तुस्थिती : जुनी घेणाऱ्याने एरवी नवीच घेतली असती, हे यात गृहीत धरले आहे. 2021 मध्ये प्लेस्टेशन 5 भारतात आला, तेव्हा सोनीच्या मोठ्या गेमची किंमत 4,999 रुपये होती. ज्याला ती झेपत नाही, तो जुनी डिस्क मिळाली नाही तर मोबाइलवरच्या फुकट गेमकडे वळेल. त्याने निर्मात्याला काहीच मिळणार नाही. उलट नवी डिस्क घेणारा ती पुढे विकता येईल, या भरवशावर एवढी किंमत मोजतो. हा भरवसा काढून घेतला, तर तोही हात आखडता घेईल. जपानमधल्या गेम-बाजारावर मासाकाझू इशिहारा आणि अँड्र्यू चिंग यांनी केलेला अभ्यास इथे मोलाचा आहे. जुना बाजार बंद झाल्याचा लाभ कंपन्यांना मिळतो, पण नव्या गेमच्या किमती बऱ्याच खाली आणल्या तरच, असा त्याचा निष्कर्ष आहे.

गैरसमज : पहिला भाग स्वस्तात फिरत राहिला, तर दुसऱ्याचा खप घटतो.

वस्तुस्थिती : मालिकेत पहिला भाग हाच दुसऱ्याचा प्रचारक असतो. कथेत गुंतलेला खेळाडू पुढचा भाग येण्याची वाट पाहतो आणि आधीची डिस्क विकून आलेले पैसे त्यात घालू शकतो. 2018 च्या ‘गॉड ऑफ वॉर’च्या जुन्या डिस्क चार वर्षे हातोहात फिरत होत्या, तरीही नोव्हेंबर 2022 मध्ये आलेल्या ‘रॅग्नारॉक’ या पुढच्या भागाच्या पहिल्याच आठवड्यात 51 लाख प्रती खपल्या. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. चार-पाच दिवसांत संपणाऱ्या गेमची डिस्क लगेच बाजारात येते आणि नव्या प्रतीशी स्पर्धा करते, हा आक्षेपही खरा आहे. पण त्यावर बंधनांचा उपाय चालला नाही. जुन्या डिस्कवर ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे मागणारा ‘ऑनलाइन पास’ ईए कंपनीने 2010 मध्ये आणला आणि 2013 मध्ये गुंडाळला. एक्सबॉक्स वनच्या डिस्कच्या फेरविक्रीवर मायक्रोसॉफ्टने घातलेल्या अटी ग्राहकांच्या रोषामुळे जून 2013 मध्येच मागे घ्याव्या लागल्या.

गैरसमज : जुनी डिस्क विकणे ही चोरीच.

वस्तुस्थिती : नकली प्रत काढणे हा गुन्हा आहे, स्वतःची अस्सल डिस्क विकणे ही वेगळी गोष्ट. एकदा विकलेल्या प्रतीच्या फेरविक्रीवरही निर्मात्याला हक्क देणारे शब्द आपल्या कॉपीराइट कायद्यात 1994 मध्ये आले होते. 1999 च्या दुरुस्तीत ते वगळले गेले. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2002 मध्ये वापरलेल्या गेमची विक्री वैध ठरवली.

डाउनलोड केलेला गेम मात्र पुढे विकता येत नाही. तिथे खरेदीदाराच्या हाती कमी हक्क येतात, म्हणून त्याची किंमतही कमीच असायला हवी. पुढचा भाग खपवायचा, तर कंपन्यांनी जुन्या डिस्कवर राग काढण्यापेक्षा किंमत आणि दर्जा यांकडे पाहावे. गिऱ्हाईक टिकते ते त्यानेच.