परिचित कथेचे रंगरूप : इंग्रजी पॅन्टोमाइम, काशीचे प्रहसन आणि मराठी बालनाट्य

'पॅन्टोमाइम' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात मूकाभिनय उभा राहतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. इंग्लंडमध्ये मात्र या शब्दाने सूचित होणारा नाट्यप्रकार मुका तर नाहीच, उलट अतिशय बोलका, गाता आणि गलबला करणारा आहे. नाताळच्या सुमारास सहकुटुंब पाहावयाचा हा खेळ सिंड्रेला, अल्लादीन, निद्रिस्त राजकन्या अशा सर्वपरिचित परीकथांवर उभारलेला असतो. अठराव्या शतकात इटालियन मुखवटानाट्यातील हार्लेक्विन इंग्रजी रंगमंचावर रुळला. त्या काळी गद्य संवादांचे नाटक करण्याचा अधिकार मोजक्या सनदप्राप्त नाट्यगृहांनाच असल्यामुळे इतरांना अंगविक्षेप, संगीत आणि यांत्रिक चमत्कार यांवरच भागवावे लागे. हा निर्बंध १८४३ च्या कायद्याने उठला, आणि मुक्या खेळाला वाचा फुटली. नाव तेवढे जुने राहिले.

या प्रकाराचे दोन संकेत येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला 'डेम'चा. नायकाची आई किंवा दाई हे पात्र पुरुष नट रंगवितो, आणि तो पुरुष आहे हे प्रेक्षकाने क्षणभरही विसरू नये अशी त्याची धडपड असते. दुसरा संकेत प्रेक्षकांच्या सहभागाचा. खलपात्र रंगमंचावर येताच मुले हुर्यो करतात, ते नायकाच्या पाठीशी येऊन उभे राहिले की ओरडून त्याला सावध करतात. हा आरडाओरडा म्हणजे शिस्तभंग नव्हे, तो संहितेचाच भाग असतो. नटाने थांबावे कोठे, हे त्याच्यावरून ठरते.

अल्लादीनच्या कथेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ही कथा अँत्वान गालाँ या फ्रेंच अनुवादकाने १७०९ मध्ये अलेप्पोच्या हन्ना दियाब याच्या तोंडून ऐकली आणि आपल्या 'अरबी कथां'त समाविष्ट केली. १८६१ मध्ये एच. जे. बायरन याने लंडनच्या रंगमंचासाठी तिचे विडंबन लिहिले, तेव्हा अल्लादीनच्या विधवा आईला त्याने 'ट्वँकी' हे नाव दिले. ते एका चिनी हिरव्या चहाचे नाव होते, आणि तत्कालीन प्रेक्षकाला त्यातील विनोद तत्काळ कळे. तो चहा आज कोणाच्या स्मरणात नाही, पण ट्वँकीबाई अजून दर नाताळात अवतरते. तात्कालिक विनोद मरतो आणि त्याचे नाव परंपरा होऊन बसते, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. पुढे ड्र्युरी लेन नाट्यगृहाच्या ऑगस्टस हॅरिसने संगीत-सभागृहांतील विनोदी कलावंतांना पॅन्टोमाइममध्ये आणले. १८८८ पासून तेथे डॅन लेनोची 'डेम' गाजू लागली. या मंडळींनी परीकथेचा विचका केला अशी तक्रार तेव्हाही झालीच. ती तक्रार सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही.

किंबहुना खरा प्रश्न येथेच आहे. सर्वांना ठाऊक असलेली कथा रंगमंचावर पुन्हा सांगताना नव्याने घातलेला विनोद कथेच्या आत राहतो, की तिच्या बाहेर पडून तिला नुसते निमित्त बनवितो? या प्रश्नाचे एक उत्तर काशीत, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, मिळून गेले आहे.

भारतेंदु हरिश्चंद्र (१८५०–१८८५) यांचे 'अंधेर नगरी' हे प्रहसन १८८१ चे. दशाश्वमेध घाटावरील नॅशनल थिएटरच्या मंडळींसाठी त्यांनी ते एका दिवसात लिहून दिले, असे परंपरेने सांगितले जाते. कथा त्यांची नव्हे. भाजी आणि मिठाई ज्या नगरात एकाच भावाने मिळते, त्या नगरात राहण्याचा मोह शिष्याला होतो, गुरू मात्र तेथून काढता पाय घेतो, ही लोककथा आधीपासून घरोघर माहीत होती. 'अंधेर नगरी' हा शब्दप्रयोग मराठीतही इतका रुजला आहे की तो हिंदीकडून आला याची जाणीव बोलणाऱ्याला बहुधा नसते.

भिंत पडून बकरी मेल्याची फिर्याद राजापुढे येते. दोष वाण्यावरून गवंड्यावर, त्याच्यावरून चुना करणाऱ्यावर, मग भिस्त्यावर, खाटकावर, मेंढपाळावर असा सरकत अखेर कोतवालावर येऊन थांबतो. कोतवालाची मान फासाला बारीक पडते, म्हणून मिठाई खाऊन गलेलठ्ठ झालेला शिष्य पकडला जातो. साखळीने वाढणारी ही रचना लहान मुलांच्या गोष्टींची सुपरिचित रचना होय. पुढचा दुवा कोणता, हे मुलाला आधीच कळते आणि त्याचा आनंद त्या कळण्यातच असतो. प्रौढ प्रेक्षक त्याच वेळी न्यायालयाचा उपहास पाहत असतो. एकाच वाक्याला दोन वयांचे प्रेक्षक दोन कारणांनी हसतात. कुटुंबासाठी केलेल्या कथानाट्याचे मर्म यात आहे, आणि ते साधणे वाटते तितके सोपे नाही.

या प्रहसनातील बाजाराचा प्रवेश तर थेट पॅन्टोमाइमच्या जातीचा. कबाबवाला, भाजीवाली, मासेवाली, चूर्ण विकणारा, एवढेच काय, टक्याला जात विकणारा ब्राह्मणही आपापली आरोळी प्रेक्षकांच्या तोंडावर देतो. चूर्णवाल्याच्या पद्यात पोलीस, साहेब, महाजन, संपादक असे सगळे ओढले जातात. कथानकाची गती येथे थांबते हे खरे, तथापि विनोद कथेबाहेर जात नाही, कारण सर्व वस्तूंना एकच मोल हा कथेचा मूळ विपर्यासच या आरोळ्यांतून मूर्त होतो. शेवटी गुरूच्या युक्तीने फासावर चढण्यासाठी चढाओढ लागते आणि राजा स्वतः चढतो. प्रेक्षागृह हसते, पण फास खराच असतो. भारतेंदूंनी कथेतले भय पातळ केले नाही.

काशीच्या प्रेक्षकाला ही रीत अपरिचित नव्हती. चेतगंजच्या नक्कटैयाच्या रात्री शूर्पणखेच्या नाक कापण्याचा प्रसंग होतो आणि त्यामागून निघणाऱ्या मिरवणुकीत समकालीन व्यंगाची सोंगे मिसळतात. रामलीलेला परीकथेच्या पंक्तीत बसविण्याचा हेतू येथे नाही, पण पवित्र कथेची चौकट अढळ ठेवून तिच्या कडेकडेने चालू काळाला वाट देण्याची कला या नगरीने फार पूर्वी आत्मसात केली होती, एवढे म्हणता येईल.

मराठीत परीकथेच्या रंगमंचीय पुनर्कथनाला सातत्य आले ते १९५९ पासून. त्या वर्षी सुधा करमरकर यांच्या 'लिटिल थिएटर'ने रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' सादर केले आणि चेटकीण स्वतः सुधाताईंनी रंगविली. मुलांसाठीचे नाटक म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातील हौस नव्हे, त्याला नेपथ्य, प्रकाश आणि कसलेले नट लागतात, हा आग्रह येथे प्रथम ठामपणे धरला गेला. मतकरी (१९३८–२०२०) यांनी पुढे आपल्या स्वतंत्र संस्थेद्वारे हे कार्य दीर्घकाळ चालविले. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या'तील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अविस्मरणीय केली. २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा उभे राहिले तेव्हा चिंची झाले वैभव मांगले, आणि त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी एका दिवसात त्याचे पाच प्रयोग झाले.

पुरुषाने रंगविलेली ही चेटकीण इंग्रजी 'डेम'ची मराठी प्रत होय, असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरलेला बरा. मराठी रंगभूमीवर पुरुषाने स्त्री होण्याच्या दोन निरनिराळ्या रीती फार आधीपासून नांदत आहेत. एक बालगंधर्वांची, जीत पुरुष विरून जावा अशी अपेक्षा असते. दुसरी तमाशातील गवळणीच्या मावशीची. मावशीचा पदर सारखा घसरतो, आवाज मध्येच भरडा होतो, आणि त्या फटीतून हास्य उसळते. चिंचीचे गोत्र या मावशीचे आहे. फरक इतकाच की मावशीचे कोणाला भय वाटत नाही, चिंचीचे वाटते. पुढच्या रांगेतले मूल आईच्या कुशीत शिरते आणि लगेच मान वर काढून पुन्हा पाहू लागते. इंग्रजी पॅन्टोमाइममध्ये 'डेम' आणि खलपात्र बहुधा वेगवेगळी असतात, म्हणजे हास्य एकाकडे आणि भय दुसऱ्याकडे अशी वाटणी असते. मतकरींनी दोन्ही एकाच देहात घातली. त्यामुळे नटावरचा भार दुप्पट होतो, पण विनोदाला कथेबाहेर पळायला वाटच उरत नाही, कारण जी हसविते तीच संकट असते.

याचा अर्थ प्रत्येक बालनाट्यात हा तोल राखला गेला असा नव्हे. सुट्टीच्या हंगामात जाहिरातींची घोषवाक्ये, दूरदर्शन मालिकांतील पात्रे आणि चित्रपटगीतांवरचे नाच एका राक्षसाच्या दोरीवर वाळत घातलेले प्रयोगही पुष्कळ होतात. त्यांतला राक्षस इतका निरुपद्रवी असतो की त्याला हरविल्याचा आनंद मुलांना होत नाही. बाराखडी गिरवावी तशा टाळ्या वाजतात.

अभ्यासकापुढची अडचण वेगळी आहे. वाङ्मयेतिहासात बालनाट्याला मिळते ती एखाद्या परिच्छेदाची जागा, आणि तीही छापील पुस्तकांच्या आधारे. छापील संहितेत चिंचीचे संवाद असतात, पण 'राजकन्या कुठे लपली?' असे एखाद्या चेटकिणीने विचारल्यावर मुलांनी एकमुखाने दिलेले खोटे उत्तर नसते. ते प्रत्येक प्रयोगात नव्याने घडते, आणि त्याला प्रत्युत्तर देणारे नटाचे वाक्यही त्याच क्षणी जन्मते. भारतेंदूंनी चूर्णवाल्याची आरोळी स्वतः लिहून ठेवली, म्हणून १८८१ चे साहेब आणि महाजन आज टीपांसह का होईना वाचता येतात. १९७० च्या दशकातल्या एखाद्या रविवारी सकाळी चिंचीने मुंबईच्या मुलांना काय उत्तर दिले, ते त्या मुलांनाच ठाऊक, आणि ती मुले आता आपल्या नातवंडांना घेऊन त्याच नाटकाला जातात.