विश्लेषण : आठ गुण मिळूनही भत्ता शून्य? ब्रिटनमधील दिव्यांगांच्या ‘चार गुणां’चा वाद काय?

कमरेखालचे अंग धुण्यास मदत लागते? २ गुण. खांद्यापासून कमरेपर्यंतचे धुण्यास लागते? ४ गुण. (दुप्पट फरक का, हे नियम वाचूनही उमगत नाही.) ब्रिटनमधील ‘पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट’ म्हणजेच ‘पिप’ हा भत्ता असा गुणांवर ठरतो. नोकरी असली तरी तो मिळतो. दैनंदिन कामांत एकूण ८ गुण झाले की झाले.

खर्च आवरण्यासाठी मजूर पक्षाच्या सरकारने मार्च २०२५ मध्ये नवी अट सुचवली : किमान एका कामात ४ गुण हवेतच. आता साधी बेरीज करून पाहा. स्वयंपाक फक्त मायक्रोवेव्हवर जमतो, २. कमरेखाली धुण्यास मदत, २. पँट घालण्यास मदत, २. शौचास आधाराचे साधन, २. एकूण ८, त्या वर्षीच्या दराने आठवड्याला ७३.९० पौंड. नव्या अटीत माणूस तोच, गुण तेवढेच, हाती मात्र शून्य.

सत्ताधारी पक्षाचेच शंभराहून अधिक खासदार बिथरले. १ जुलै २०२५ रोजी मतदान तोंडावर असताना सरकारने ही अट विधेयकातून वगळली आणि ‘पिप’चा फेरआढावा मंत्री स्टीफन टिम्स यांच्याकडे सोपवला.

माघार अर्धीच होती. ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या भत्त्यात आजारी व दिव्यांगांना मिळणारी जादा रक्कम बहुतेक नव्या अर्जदारांसाठी आठवड्याला सुमारे ९७ वरून ५० पौंडांवर आणणारी तरतूद मंजूर झाली, एप्रिल २०२६ पासून. जुन्या लाभार्थ्यांना संरक्षण आहे. म्हणजे आजार एकच असला, तरी आधीपासून लाभ घेणाऱ्याला पूर्ण रक्कम आणि एप्रिलनंतर आलेल्याला जेमतेम निम्मी.