वाढीव फांसा आणि त्याची किंमत

पत्त्यांचा खेळ म्हटला कीं आपल्याकडे दोन पक्ष आलेच. मेंढीकोट असो वा बिझिक, एकाची जीत म्हणजे दुसऱ्याची हार, हें गृहीतच धरलेलें असतें. अमेरिकेंतील पायझो या प्रकाशनसंस्थेनें २०१३ सालीं ‘पाथफाइंडर ॲडव्हेंचर कार्ड गेम’ या नांवाचा जो खेळ बाजारांत आणला, त्याची रचना अगदीं निराळी आहे. माइक सेलिन्कर हे त्याचे प्रमुख रचनाकार. या खेळांत खेळाडूच्या विरुद्ध खेळाडू नसतो. विरुद्ध असतात तीं पानें. राक्षस, सापळे, लुटारू हे सर्व पानांवर छापलेले, आणि टेबलाभोंवतीं बसलेलीं एक ते चार माणसें मिळून त्यांना तोंड देतात. जिंकलीं तर सारीं जिंकतात, नाहींतर सारीं हरतात. अशा खेळांत एकानें दुसऱ्यास मदत करावी हें ओघानेंच आलें. पण ती मदत कोणत्या रूपानें, किती आणि काय किंमत देऊन करावयाची, हें ठरविणारा जो वाढीव फांशाचा नियम, तोच या खेळाचा प्राण होय. येथें सांगितलेले नियम ‘राइज ऑफ द रूनलॉर्ड्स’ या पहिल्या संचाचे आहेत. २०१९ सालच्या नव्या संचांत त्यांत पुष्कळ फेरफार झाले.

प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी गवई. पात्राचे शक्ति, चापल्य, बुद्धि इत्यादि सहा गुण असतात, आणि गुणापुढें आंकडा नसून फांसा छापलेला असतो. घरोघरचा फांसा सहा पैलूंचा; येथें चार, सहा, आठ, दहा आणि बारा पैलूंचेहि फांसे आहेत. योद्ध्याची शक्ति दहापैलू असेल, तर त्याचेंच शहाणपण चारपैलू असूं शकेल. कांहीं गुणांस फांशाशिवाय ठराविक बेरीजहि मिळते. संकटाच्या पानावर एक आंकडा असतो. दान टाकावयाचें; बेरीज त्या आंकड्याइतकी वा अधिक आली कीं संकट निवारलें.

आतां आशीर्वादाचें पान. नांवावरून त्यांत कांहीं गूढ असावें असें वाटेल. वस्तुतः तें अगदीं व्यवहारी पान आहे. तें टाकलें कीं कसोटीस एक फांसा अधिक मिळतो. हा फांसा कोणता, याबद्दल नवशिके नेहमीं घोटाळ्यांत पडतात. ज्या गुणावर कसोटी चालली आहे, त्या गुणाचाच तो फांसा. योद्ध्यानें दहापैलू शक्तीला तलवारीचा आठपैलू फांसा जोडला असला, तरी आशीर्वादानें येणारा फांसा दहापैलूच. ठराविक बेरीज मात्र दुसऱ्यांदा मिळत नाहीं. तीन अधिक असतील तर तीनच, फांसे किती कां असेनात. आणि सर्वांत कडक अट ही कीं, पान दान पडण्यापूर्वीं टाकावें लागतें. फांसे घरंगळून थांबले आणि दोन कमी पडले, म्हणून मग आशीर्वाद काढतां येत नाहीं.

दान पडण्यापूर्वींच ठरवावयाचें, म्हणून हिशेब आला. श्रोत्यांनीं असें समजावें कीं, एका योद्ध्याला लढाईंत १० हा आंकडा गांठावयाचा आहे, त्याच्याजवळ एक दहापैलू फांसा आहे व वर ३ ची बेरीज आहे. फांशावर ७ वा अधिक पडावयास हवेत, म्हणजे शंभरांत चाळीस वेळां यश. एका आशीर्वादानें दुसरा दहापैलू फांसा आला, तर हेंच प्रमाण शंभरांत पंचाऐशीं होतें. दुसऱ्या आशीर्वादानें तिसरा फांसा आला, तर अठ्ठ्याण्णव. पहिल्या पानानें पंचेचाळीस वाढले आणि दुसऱ्यानें अवघे तेरा. पान मात्र दोन्ही वेळां एकेकच खर्ची पडलें.

हा खर्च खरा आहे, कारण या खेळांत पान म्हणजेच आयुष्य. पात्राची गड्डी आरंभीं पंधरा पानांची असते. लढाईंत जितके कमी पडाल तितकीं पानें हातांतून टाकावीं लागतात, आणि हात भरावयास गड्डींत पानेंच उरलीं नाहींत, कीं पात्र मेलें. मग जमाखर्च सरळ मांडतां येतो. वरच्याच उदाहरणांत चिलखत नाहीं व हातांत पुरेशीं पानें आहेत असें धरलें, तर एका फांशावर लढल्यास सरासरीनें २.१ पानांचें नुकसान होतें. दोन फांशांवर तें ०.३५ वर येतें. म्हणजे एक पान देऊन पावणेदोन वांचलीं, सौदा फायद्याचा. तिसऱ्या फांशानें नुकसान आणखी ०.३२ च्या आंत-बाहेरच कमी होतें, आणि त्यासाठीं पुनः एक अख्खें पान द्यावें लागतें. हा सौदा तोट्याचा. हौशी खेळाडू भराभर आशीर्वाद ओततात आणि मग गड्डी कां आटली म्हणून चकित होतात!

दुबळ्या गुणाची गोष्ट वेगळी. चारपैलू फांशानें ६ हा आंकडा कधींच गांठतां यावयाचा नाहीं. एक फांसा वाढला कीं शंभरांत सदतीस-अडतीस वेळां तो गांठतो, आणि दोन वाढले तर चौऱ्याऐशीं वेळां. येथें दुसराच फांसा अधिक मोलाचा ठरतो. तेव्हां दोन आशीर्वाद उधळपट्टीचे कीं नाहींत, हें कसोटी पाहूनच सांगतां येईल.

पण दोन आशीर्वाद आणावयाचे कोठून? एका खेळाडूनें एका कसोटीस एका जातीचें एकच पान टाकावें, असा निर्बंध आहे. स्वतःच्या हातांत तीन आशीर्वाद असले तरी स्वतःस एकच देतां येईल. दुसरा हवा तर दुसऱ्या माणसानेंच द्यावयाचा. आशीर्वाद कोणत्याहि ठिकाणाहून पोंचतो. बाकीची मदत मात्र जागा पाहते. योद्धा व्हॅलेरॉस आपल्याच ठिकाणच्या सोबत्यास लढाईंत चारपैलू फांसा देतो, आणि त्यासाठीं त्याला पानहि टाकावें लागत नाहीं. धनुर्धर हार्स्क याच्या उलट. त्याचा चारपैलू फांसा दूरच्याच ठिकाणीं उपयोगी, आणि त्यासाठीं एक पान गड्डीच्या तळाशीं सारावें लागतें. बाण लांबूनच मारावयाचा, हें रचनाकारानें बरोबर ओळखलें. हा चारपैलू फांसा क्षुल्लक वाटतो खरा, पण वरच्या लढाईंत तो चाळीसाचे पासष्ट करतो.

एवढ्यावर भागलें असतें तर खेळ केवळ त्रैराशिकाचा झाला असता. परंतु आशीर्वादाचा दुसराहि एक उपयोग आहे. आपल्या पाळीस तो टाकून ठिकाणाचें आणखी एक पान उलटतां येतें, म्हणजे पाऊल पुढें टाकतां येतें. वेळ तर मोजकाच असतो. मध्यभागीं तीस आशीर्वादांची एक निराळी गड्डी असते; प्रत्येक पाळीस तिचें एक पान उलटतें, आणि उलटावयास पान उरलें नाहीं कीं सर्वांची हार. चार खेळाडू असले तर ठिकाणें सहा, प्रत्येक ठिकाणीं दहा पानें, म्हणजे साठ पानें आणि पाळ्या तीस. सारींच पानें पाहावीं लागत नाहींत हें खरें. तरीहि पाळीगणिक एकच पान उलटून निभाव लागणें कठीण. म्हणून हातांतलें हें एक पान शेजाऱ्याच्या दानास द्यावें कीं आपल्या पुढच्या पावलास राखावें, हा प्रश्न प्रत्येक कसोटीच्या वेळीं उभा राहतो. मेंढीकोटांत भिडूला डोळ्यानें खुणावलें तरी ओरड होते. येथें उघड वाद घालून ठरवावयाचें असतें. हरलेलें संकट नाहींसें न होतां त्याच ठिकाणच्या पानांत पुनः मिसळतें, म्हणून जो नकार देतो त्यालाहि तें उद्यां भेटण्याचा संभव असतो.

घड्याळाचीं पानें संपत आलेलीं, एकच ठिकाण खुलें, आणि तेथें खलनायकाचें पान उलटलेलें. योद्ध्यानें आपला आशीर्वाद टाकला आहे, पंचाऐशीं झाले. पलीकडच्या ठिकाणीं बसलेल्या गवयाच्या हातांत त्याचा अखेरचा आशीर्वाद आहे, आणि त्याच्या गड्डींत एकहि पान नाहीं. जमाखर्च म्हणतो, हा सौदा तोट्याचा. गवई पान टाकतो, अठ्ठ्याण्णव होतात, आणि योद्धा तिन्ही फांसे मुठींत घेतो.