‘रक्त पातळ करणारी’ गोळी

आमच्या शाखेच्या तिजोरीला दोन किल्ल्या होत्या. एक मॅनेजर म्हणून माझ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही, हा नियम. चार वर्षे आम्ही रोज सकाळी शेजारी शेजारी उभे राहून ती उघडली. निवृत्तीनंतरही मैत्री टिकली. तीन वर्षांपूर्वी या हेड कॅशियरना हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. तिसऱ्या महिन्यात त्यांची दाढ दुखू लागली. काढायची ठरली, तेव्हा त्यांचा फोन आला.

‘‘साहेब, त्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. दाढ काढल्यावर रक्त थांबलं नाही तर?’’

मी काही डॉक्टर नव्हे. पण जन्मभर खातेदारांना सल्ले देण्याची सवय. म्हटलं, ‘‘मग पाच-सहा दिवस बंद ठेवा की!’’

‘‘दोन्ही?’’

‘‘दोन्ही.’’

पाचव्या दिवशी दाढ निघाली. सातव्या दिवशी पहाटे छातीत पुन्हा कळ आली. स्टेंटमध्येच गुठळी झाली होती. ते वाचले, पण हृदयाचा जो स्नायू मेला, तो मेलाच. आज एक जिना चढताना ते दोनदा थांबतात. मला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर कदाचित मी या विषयाच्या इतक्या मागे लागलो नसतो.

आमची पहिली चूक शब्दाची होती. या गोळ्या रक्त पातळ करीतच नाहीत. दुधात पाणी घातल्यासारखे रक्ताचे काही होत नाही. या गोळ्यांचे काम असते ते प्लेटलेटवर. पाठ्यपुस्तकांत यांनाच रक्तपट्टिका म्हणतात. डेंग्यूच्या साथीत हा शब्द घरोघरी पोचला आहे. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये या दीड ते साडेचार लाख असतात आणि त्यांचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे. भाजी चिरताना बोट कापले की त्या जखमेवर धावून जातात, चिकटतात, रसायने सोडून आणखी प्लेटलेटना बोलावतात आणि एकमेकींना धरून भोक बुजवतात.

पंचाईत अशी की, बोट कापले आहे की हृदयाच्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटला आहे, हा फरक त्यांना कळत नाही. तिथेही त्या तितक्याच निष्ठेने धावतात आणि तीन-चार मिलिमीटरची ती नळी बुजवून टाकतात. हाच हार्ट ॲटॅक. स्टेंट ही धातूची जाळी. तिच्यावर शरीराचे आतले अस्तर चढेपर्यंत प्लेटलेटच्या लेखी ती परकीच. म्हणून पहिले काही महिने धोक्याचे, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आम्ही गोळ्या थांबवल्या.

सामान्यतः गोळ्या दोन असतात, कारण प्लेटलेटचे बोलावणे एकाच वाटेने जात नाही. एक हाक थ्रॉम्बॉक्सेन नावाच्या रसायनाची. ते बनवणारे एन्झाइम ॲस्पिरिन कायमचे निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसते, त्यामुळे तिला नवे एन्झाइम तयार करता येत नाही. म्हणूनच इवलीशी पंचाहत्तर मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदा घेतली तरी पुरते. दुसरी हाक एडीपीची. तिचा दरवाजा क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर बंद करते. यातल्या क्लोपिडोग्रेलला आधी यकृताने कामाला लावावे लागते, आणि काहींच्या यकृतात जन्मतःच ती क्षमता कमी असते. दोन दरवाजे, दोन किल्ल्या. हे मला तरी कळायला हवे होते!

गोळ्या बंद केल्यावर काय होते, तेही आता ध्यानात येईल. मज्जेतून रोज सुमारे एक दशांश प्लेटलेट नव्या येतात. त्यांना गोळीचा स्पर्शही झालेला नसतो. पाच-सात दिवसांत त्यांचे बळ पुरेसे वाढते. सातवा दिवस हा योगायोग नव्हता.

तिसरी वाट शिरेतून द्यायच्या औषधांची. प्लेटलेट एकमेकींना ज्या हातांनी धरतात, ते हातच ही औषधे अडवतात. त्यांतले टायरोफिबान हे फुरशाच्या विषातील एका प्रथिनाच्या नमुन्यावरून बेतले आहे. कोकणात ज्याच्या भीतीने माणसे जपून पाऊल टाकतात, तेच हे फुरसे.

या औषधांची किंमत जगाला खऱ्या अर्थाने कळली ती १९८८ साली. ‘आयसिस-२’ या चाचणीत झटका आलेले १७,१८७ रुग्ण होते. महिनाभर ॲस्पिरिन दिल्याने पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराचे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. रुग्णांचे लहान लहान गट पाडून निष्कर्ष द्या, असा आग्रह झाला तेव्हा संशोधकांनी मुद्दाम राशींप्रमाणेही गट पाडून दाखवले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा फायदा दिसेना! आकडे हवे तसे चिरले की काहीही सिद्ध होते, हा त्यातला टोला. ताळेबंद वाचत आयुष्य काढलेल्या माणसाला तो चांगलाच कळतो.

आज झटका आल्यावर, स्टेंट वा बायपासनंतर, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यावर आणि गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ही औषधे देतात. पक्षाघात रक्तस्रावाने झाला असेल तर मात्र हीच गोळी घात करील. म्हणून आधी मेंदूचा सीटी स्कॅन. हृदयाचे ठोके अनियमित होऊन होणाऱ्या गुठळ्यांसाठीची औषधे निराळी. ‘रक्त पातळ करणारी’ या एकाच नावाखाली आपण सगळ्यांची मोट बांधतो.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. सकाळी बागेत फिरायला येणारे एक गृहस्थ काहीही झालेले नसताना रोज ‘खबरदारी म्हणून’ ॲस्पिरिन घेतात. २०१८ मध्ये ‘ॲस्प्री’ चाचणीचे निष्कर्ष आले. १९,००० हून अधिक निरोगी वृद्धांत अशा गोळीने हृदयविकार लक्षणीय घटला नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. शत्रू नसताना पहारेकऱ्यांना झोपवण्यात कसले शहाणपण? डेंग्यूची शंका असलेल्या तापात तर अंग दुखते म्हणून ॲस्पिरिन घेऊच नये.

आणि दाढेचे काय? नंतर आमच्या दंतवैद्यांना विचारले. ते म्हणाले, ‘‘बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढतो. टाका घालतो, कापूस दाबून धरायला सांगतो. रक्त जरा जास्त येतं, पण थांबतं. शंका वाटली तर हृदयाच्या डॉक्टरांना फोन करतो.’’

एवढाच. एक फोन.

गेल्या महिन्यात हेड कॅशियरच्या घरी गेलो होतो. टेबलावर गोळ्यांची डबी होती, सोमवार-मंगळवारचे खण पाडलेली. ‘‘साहेब, आता मोतीबिंदू काढायचाय,’’ ते म्हणाले, ‘‘गोळीचं काय करू?’’

मी त्यांच्या डॉक्टरांचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.