खारबांधाचे दरपत्रक मागवण्यापूर्वी



पनवेल-उरण भागात खाडीलगतच्या भातखाचरांची सारी भिस्त बांधावर असते. उधाणाचे पाणी आत शिरले, की मातीत मीठ राहते आणि पुढचे पीकही हातचे जाते. तेव्हा आपल्या शेताचा बांध उन्हाळ्यातच दुरुस्त करून घ्यावा. बांध सरकारी खारभूमी योजनेतला असेल, तर मात्र खारभूमी विकास खात्याला कळवावे.

मशीनवाल्याला नुसते "बांध घालायचाय, किती घेणार?" असे विचारू नका. एक तासाचा भाव सांगतो, दुसरा ब्रासचा, तिसरा उक्ता. मग स्वस्त कोण, हे कळणार कसे? आधी काम कागदावर लिहा आणि तोच कागद तिघांनाही द्या.

समजा, बांध ४० मीटर लांब, १.५ मीटर उंच, माथा १ मीटर व पाया ४ मीटर आहे. माथा आणि पाया मिळवून निम्मे करा, आले २.५. त्याला उंचीने व लांबीने गुणा. माती झाली १५० घनमीटर, म्हणजे सुमारे ५३ ब्रास. हे माप दाबलेल्या बांधाचे, असे स्पष्ट लिहा. सैल माती पुढे खाली बसते.

शिवाय एवढे लिहाच:
१. माती कुठली; कांदळवनाला हात लावायचा नाही.
२. थर किती जाडीचा, धुम्मस कोण मारणार.
३. उघाडीची दारे कामात धरली की नाही.
४. मशीनची ने-आण व डिझेल कोणाकडे.
५. काम कधी संपणार, पैसे कोणत्या टप्प्याला.

जे कागदावर नाही, ते नंतर जादा कामाच्या बिलात निघते, हे ध्यानात ठेवा.