एलायझाचा पिवळा रंग कसा वाचावा?

फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या डोक्याने विषाणू आपल्या पेशीला धरतो आणि खोडाच्या जोरावर आत शिरतो. डोकं सतत बदलतं, म्हणून लसही वरचेवर बदलावी लागते. खोड मात्र फारसं बदलत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राघवन वरदराजन यांच्या गटाने नेमकं हे खोड हेरलं. ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या खोडाच्या तुकड्यांनी उंदरांना फ्लूपासून संरक्षण मिळतं, हे त्यांनी २०१० आणि २०१४ मधल्या शोधनिबंधांत दाखवलं. अशा लसीची पारख करताना एलायझा ही साधी चाचणी जुन्या, मातब्बर चाचणीच्या पुढे जाते. मात्र तिचं उत्तर नीट वाचता आलं पाहिजे.

ही जुनी चाचणी जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१ च्या सुमारास शोधली. फ्लूचा विषाणू तांबड्या रक्तपेशींना एकमेकींत गुंतवतो. रक्तद्रवात योग्य प्रतिपिंडं असली, तर ही गुंतवणूक थांबते. पण खोडाला चिकटणारी प्रतिपिंडं डोक्याच्या कामात आड येत नाहीत. त्यामुळे ती भरपूर असली, तरी या चाचणीत त्यांचा पत्ता लागत नाही. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये जन्मलेली एलायझा इथे उपयोगी पडते. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये प्रथिन रात्रभर ४ अंश तापमानात बसू देतात, मग रक्तद्रव घालतात. प्रतिपिंडं चिकटली असतील तर त्यांना विकर जोडलेलं दुसरं प्रतिपिंड धरतं, मग घातलेलं रंगद्रव्य त्या विकरामुळे निळं होतं आणि आम्लाचा थेंब पडताच पिवळं. पिवळा जितका गडद, तितकी प्रतिपिंडं जास्त.

चिकटणं म्हणजे रोखणं नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. शिवाय प्लास्टिकवर बसताना प्रथिनाचा आकारही बिघडू शकतो. आकाराच्या अडचणीवर उपाय आहे. सीआर६२६१ सारखी प्रतिपिंडं खोडाचा मूळ आकार शाबूत असेल तरच चिकटतात, म्हणून आधी त्यांच्याकडून प्रथिनाची खातरजमा करून घेता येते. मग थेट जिवंत विषाणूवरच चाचणी का करू नये? अखेरीस ती करावीच लागते. पण बर्ड फ्लूच्या एच५एन१ सारख्या विषाणूसाठी कडेकोट बंदोबस्ताची प्रयोगशाळा लागते. एलायझाला नुसतं प्रथिन पुरतं आणि शेकडो नमुने झटपट तपासून होतात. निवड एलायझाने करावी, निवाडा विषाणूवरच्या आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांनी, आणि शेवटचा शब्द माणसांवरच्या चाचण्यांचा.

तेव्हा ‘नव्या लसीने प्रतिपिंडं वाढली’ अशी बातमी वाचलीत, तर दोन प्रश्न जरूर विचारा: प्रतिपिंडं प्रथिनाच्या कोणत्या भागाविरुद्ध वाढली, आणि त्यांनी विषाणूला प्रत्यक्ष रोखलं का? दुसऱ्याचं उत्तर नसेल, तर ती बातमी अर्धीच समजावी.